टीव्हीवर कडा कापल्या जातायत? आधी रिमोट घ्या
कॉम्प्युटर टीव्हीला जोडल्यावर टास्कबार अर्धाच दिसतोय म्हणजे केबल खराब नाही, हा ओव्हरस्कॅन आहे. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हींत कडेचं चित्र वेडंवाकडं यायचं, म्हणून ते मुद्दाम थोडं मोठं करून कडा झाकत. ट्यूब गेली, खोड राहिली.

कॉम्प्युटरच्या सेटिंगला लगेच हात लावू नका. टीव्हीच्या पिक्चर मेनूत चित्राचा आकार शोधा. १६:९ च्या जवळच 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'फुल पिक्सेल' असं काहीतरी सापडेल. प्रत्येक कंपनीचं बारसं वेगळं! काही टीव्हींत एचडीएमआय इनपुटला 'पीसी' नाव दिलं तरी काम होतं.

मग कॉम्प्युटरवर रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) टीव्हीचं मूळचंच ठेवा: फुल एचडीला १९२० × १०८०, फोर-केला ३८४० × २१६०. अक्षरं बारीक वाटली तर रिझोल्यूशन कमी करू नका, डिस्प्ले सेटिंगमधलं स्केल (अक्षरांचा आणि चिन्हांचा आकार) १५० टक्के करा. लॅपटॉपचा स्क्रीन डुप्लिकेट करत असाल तर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून फक्त दुसरा स्क्रीन निवडून बघा.

ग्राफिक्स कार्डच्या सॉफ्टवेअरमधूनही चित्र आक्रसता येतं, पण अक्षरं धुरकट होतात. टीव्हीत सोयच नसेल तरच तिकडे वळा.