फ्रेडीचे बालपण लिहिताना

पुणे ३०

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यावरचा तुझा लेख वाचला. भाषा चांगली आहे. परंतु पहिल्याच परिच्छेदात त्याला जन्मजात बंडखोर ठरवून तू मोकळी झाली आहेस आणि त्याचे घर दोन ओळींत उरकले आहेस. विस्तार व्हायला हवा तो घराचाच.

फ्रेडीचे मूळ नाव फारोख बुलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबारमध्ये जन्मलेला हा मूळच्या गुजरातेतल्या पारशी कुटुंबातला मुलगा. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल, आई जेर, आणि पाठची बहीण काश्मिरा. अशा नोकरदार घराने जेमतेम आठ वर्षांच्या मुलाला बोटीने मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात धाडले, यामागे चांगल्या शिक्षणाचा सरळ हिशेब होता. (तो आपल्या पेठांतल्या वाचकांना समजावून सांगावा लागणार नाही.) त्याच शाळेच्या मुख्याध्यापकांनी मुलाचा कान ओळखून पालकांना कळवले, जादा फी भरून पियानो शिकवावा असे सुचवले, आणि पालकांनी ते मानले. पियानोच्या परीक्षांत तो चौथ्या श्रेणीपर्यंत पोहोचला. तुझ्या लेखात त्या फीचा उल्लेखही नाही!

१९५८ च्या सुमारास पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, तेव्हा मुख्य गायक दुसराच होता आणि फारोख पियानोवर बसत असे. पुढे स्टेडियम गाजवणारा माणूस शाळेत साथ करत होता, हे सावकाश लिही. 'एकटेपणाने त्याला कलावंत केले' हे वाक्य मात्र काढून टाक, कारण वसतिगृहात राहिलेली सगळीच मुले काही गायक झाली नाहीत.

१९६४ च्या जानेवारीत झांझिबारमध्ये क्रांती होऊन सुलतानाची सत्ता उलथली आणि कुटुंब इंग्लंडला, लंडनजवळच्या फेल्टमला गेले. तो भाग थोडक्यात पुरे.

पुन्हा लिहिण्याआधी स्वारगेटहून वाईमार्गे जाणारी एसटी पकडून पसरणीचा घाट चढ आणि पाचगणी पाहून ये. शाळेच्या आवारात जायचे असेल तर आधी पत्र टाकून परवानगी घे. नवजोतीबद्दल (पारशी मुलांच्या धर्मदीक्षेच्या विधीबद्दल) कॅम्पातल्या एखाद्या जाणत्या पारशी गृहस्थांना विचार, ऐकीव लिहू नकोस. नव्या खर्ड्याला डावीकडे भरपूर समास सोड, मला लिहायला जागा लागेल.

तुझे सर