वासरांचा न्यूमोनिया: वाचकांचे प्रश्न

प्रतिजैविकाचा पूर्ण कोर्स झाला, ताप उतरला, तरी वासराची धाप जात नाही. असं का?

फुप्फुसाची बरीचशी नासाडी जंतूपेक्षा त्याच्याशी लढायला आलेल्या पेशींकडूनच होते. मॅनहायमिया हिमोलिटिका हा जंतू ल्युकोटॉक्सिन नावाचं विष सोडतो. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पांढऱ्या पेशींवर सीडी१८ हे प्रथिन असतं, त्यालाच ते चिकटतं. धावून आलेले न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, फुटतात आणि जंतू मारायला साठवलेली विकरं वायुकोशांच्या नाजूक भिंतींवर सांडतात. त्या खुणेवर आणखी न्यूट्रोफिल येतात, तेही फुटतात. रक्तवाहिन्यांतून फायब्रिन हे रक्त गोठवणारं प्रथिन पाझरून गोठतं. अशा वासराच्या शवविच्छेदनात फुप्फुसाचा पुढचा, खालचा भाग यकृतासारखा घट्ट लागतो. तुकडा पाण्यात टाकला तर बुडतो. मेलेली जागा प्रतिजैविकाने परत येत नाही. म्हणून औषध पहिल्याच दिवशी हवं, आणि सोबत सूज उतरवणारं मेलोक्सिकॅमसारखं औषध पशुवैद्यकांना विचारून द्यावं. वासराच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर आधी द्रव भरून काढा, नाहीतर या औषधाने मूत्रपिंडाला धोका.

हा जंतू निरोगी वासराच्या नाकातही असतो ना?

असतो, थोडाच. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस चिकट स्रावासह त्याला वर ढकलतात, खाली उतरलेल्याला वायुकोशातल्या भक्षक पेशी गिळतात. विषाणूचा संसर्ग हे केस झडवतो आणि भक्षक पेशींनाही दुबळं करतो. दूध तोडणं, लांबचा प्रवास, गर्दी यांमुळे वाढलेलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक उरलीसुरली ताकद काढून घेतं. गोठ्यात मुताचा अमोनिया डोळ्यांना झोंबत असेल, तर वासराच्या श्वासनलिकेलाही तो झोंबतोच. गुडघ्यावर बसून, वासराच्या नाकाच्या उंचीवर वास घेऊन पाहा.

लस कधी द्यावी?

प्रवासाच्या किंवा दूध तोडण्याच्या किमान दोन आठवडे आधी. प्रतिपिंडं तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच. गाडीतून उतरल्यावर टोचलेली लस त्या आठवड्यातल्या आजाराला उशिराच पोहोचते. दोन मात्रांची लस असेल तर दुसरी चुकवू नका. फार लहान वासरात मात्र आईकडून आलेली प्रतिपिंडं लसीचा परिणाम कमी करू शकतात. त्या वयात खरं संरक्षण चिकाचं: पहिल्या काही तासांत वजनाच्या सुमारे १० टक्के, म्हणजे ३५ किलोच्या वासराला साडेतीन लिटर. २४ तासांनी आतड्यातून प्रतिपिंडं शोषली जाणं जवळपास थांबतं.

खोकला नसताना आजार कसा ओळखावा?

थर्मामीटरने. सकाळच्या गारव्यात ३९.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप, कान लोंबलेले, दुधाकडे उशिरा उठणं. एवढं दिसलं की खोकल्याची वाट पाहू नका.