आठ महिने शिवले नाहीत, मग परत का प्यायले?

खानापूरहून आलेली असो की निपाणीहून, बायको असो की आई, समुपदेशनासाठी माझ्यासमोरच्या खुर्चीत टेकल्या टेकल्या एकच विचारते: "दारू सोडली होती हो. सगळं सुरळीत चाललं होतं. मग परत का?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देऊन टाकते, "मनाचाच कच्चा आहे." हे उत्तर मला पटत नाही. का पटत नाही, ते शंकररावांच्या निमित्ताने सांगते. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

शंकरराव बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, साचे करणारे मोल्डर. २००७ साली कर्नाटकात पाकिटातली अरॅक ही स्वस्त दारू बंद झाली, त्याच्याही आधीपासून पिणारे. मग नाईंटीच्या, म्हणजे नव्वद मिली दारूच्या, कागदी खोक्यावर आले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडली, आठ महिने शिवले नाहीत. आणि एक दिवस भावाबरोबरच्या वाटणीपत्रावर सही करायला गेले, ते सही न करताच उठून थेट दुकानात.

"भांडण पण नव्हतं हो मॅडम," त्यांच्या पत्नी सुनीतावहिनी म्हणाल्या. "कागद तयार, चहा झालेला. एवढ्यावरनं कोण पितं?"

मी शंकररावांना विचारलं, "पहिला घोट घेतल्यावर मजा आली?"

"छे. चव पण लागली नाही."

"मग काय झालं?"

"गप झालं. आतलं सगळं गप झालं बघा."

घरच्यांनी इथे थांबून विचार करावा. दारू मेंदूला शांत करते, पण रोज पाजत गेलं की मेंदू त्याविरुद्ध जोर लावतो, ताणाची रसायनं वाढवतो. दारू थांबते, हा जोर लगेच थांबत नाही. भीती, राग, अपमान यांची दखल घेणारा अमिग्डला हा भाग कित्येक महिने चटकन पेटतो आणि त्याला आवरणारा कपाळामागचा भाग अजून पुरता सावरलेला नसतो. जॉर्ज कूब आणि नोरा वोल्कोव्ह या संशोधकांनी व्यसनाचं चक्र तीन टप्प्यांत मांडलंय: नशा, ती उतरल्यावरची तगमग आणि पुन्हा लागणारी ओढ. जुना पिणारा बहुतेक वेळा मजेसाठी पीत नाही, तो मधल्या तगमगीतून सुटायला पितो. हे समजावल्यावर शंकरराव म्हणाले, "म्हणजे आमच्या कारखान्यातल्या भट्टीसारखं. बंद केली तरी दुसऱ्या दिवशी जवळ जाववत नाही." माझ्यापेक्षा त्यांनीच बरं सांगितलं.

त्यानंतरच्या भेटींत बरंच बोलणं झालं, त्यातलं पुष्कळसं वाटणीबद्दलच. ते सोडते. एके दिवशी मी त्यांना कागदासमोरचा तो क्षणच पुन्हा सांगायला लावला.

"पेन धरलं आणि हात थरथरायला लागला. म्हटलं, आली."

"काय आली?"

"तलफ. आता घेतल्याशिवाय हात थांबत नाही."

दारू सोडल्यावरची थरथर पहिल्या काही दिवसांची. आठ महिन्यांनी ती कुठून यायची? मी विचारलं, "समोर कोण होतं?"

"भाऊ."

"काय करत होता?"

बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "टोपण माझ्याच्यानं निघेना. त्यानं पेन घेतलं, टोपण काढलं आणि परत हातात दिलं. बालवाडीच्या पोराला देतात तसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"मग ही थरथर कशाची?"

त्यांनी आपल्याच हाताकडे पाहिलं. "लाजेची?"

इतक्या वर्षांच्या समुपदेशनात असे क्षण मोजकेच येतात आणि ते आले की माझा दिवस सार्थकी लागतो. वर्षानुवर्षं सकाळी हात थरथरला की घोट, असा धडा त्यांच्या मेंदूने गिरवला होता. त्यामुळे लाजेने थरथरला, रागाने थरथरला, तरी मेंदू एकच अर्थ लावायचा. २००७ साली मॅथ्यू लिबरमन या मानसशास्त्रज्ञाच्या गटाने मेंदूचं चित्रण करून दाखवलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की अमिग्डलाची खळबळ कमी होते. प्रवचनाने हे होत नाही. माणसाला स्वतःलाच ते नाव सापडावं लागतं.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचाराची, म्हणजे भावनेमागचा समज तपासून पाहणारी, त्यामुळे तिथेच थांबले नाही. "सहन झालं नाही म्हणता. न पिता बसून राहिला असता तर काय झालं असतं?"

"काय व्हायचंय? सही करून घरी आलो असतो."

लाज वाटणं वेगळं आणि 'ही लाज मला सहन होणारच नाही' असं ठरवून टाकणं वेगळं. दुकानाकडे नेते ती ही दुसरी गोष्ट. तलफेची लाट बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ काढायला शिकायचं: जागेवरून उठायचं, पाणी प्यायचं, चालायचं आणि आत काय होतंय ते कुणाला तरी सांगायचं.

घरच्यांसाठीही थोडं. त्या अर्ध्या तासात "परत लागली काय?" असं विचारू नका, हिशेब काढू नका, मुलांची शपथ घालू नका. "काय झालं?" एवढंच विचारा आणि उत्तर आलं नाही तरी शेजारी बसा. झोप उडालेली, चिडचिड, उगाच रडू, हे सोडल्यानंतर काही महिने चालू शकतं. ते नाटक नसतं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं, डॉक्टर हवाच. कुठे जायचं कळत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक फिरवा.

शंकरराव पुढे पुन्हा सहीला गेले. हात थरथरलाच. भावाला म्हणाले, "थांब, मला लाज वाटतीय, जरा फिरून येतो." आले आणि सही केली. "वाकडी आली," मला म्हणाले. मी म्हटलं, चालते.

"म्हणजे आता पुन्हा पिणार नाहीत ना?" सुनीतावहिनींनी विचारलं. तशी हमी मी कुणालाच देत नाही. पाय घसरला तर दुसऱ्याच दिवशी घेऊन या, एवढंच सांगते. पंधरा दिवस अबोला धरून, मग नको.