हतनूरचं पाणी आणि तीन मिलिमीटर

प्रश्न : सर, मी ४१ वर्षांची, भुसावळला शाळेत शिकवते. पुढच्या वर्षी गोव्याची हाफ आयर्नमॅन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची शर्यत, करायची आहे. रविवारी सकाळी हतनूर धरणाच्या फुगवट्यात पोहते. दिवाळीपर्यंत ठीक चालतं, पण डिसेंबर-जानेवारीत दहा मिनिटांत बोटं आखडतात. वेटसूट, म्हणजे गार पाण्यात घालायचा रबरी पोशाख, घ्यायचा आहे. भाचा म्हणतो पाच मिलिमीटरचा घे. दुकानदार म्हणतो, जितका जाड तितका चांगला. पैसे एकदाच घालवायचेत. किती जाडीचा घेऊ?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : ताई, पाच मिलिमीटरचा सूट माझ्या माळ्यावर पडलाय. भाच्याला हवा असेल तर खुशाल घेऊन जाऊ दे.

मीही जाडीच्याच मोहात पडलो होतो. पाणबुड्याचा जुना सूट स्वस्तात मिळाला म्हणून उचलला आणि फेब्रुवारीत तो चढवून तापीत उतरलो. पंधरा मिनिटांत कानशिलं तापली, मान आवळली, दम लागेना पण डोकं हलकं झालं. चेनची दोरी पाठीमागे, ती काही हाताला येईना. शेवटी सोबतच्या होडीवाल्या भोईकाकांनी ओढून दिली आणि म्हणाले, “भाऊ, पव्हाले उतरला का शिजाले?” बाहेर अंगावर शाल घ्यावी अशी थंडी, आणि मी आत घामाने निथळत होतो.

तेव्हा जाडी ठरवण्याआधी दोन गोष्टी बघा. पाणी खरोखर किती थंड आहे, आणि पाण्यात तुम्ही किती हलणार आहात.

पाण्याचा अंदाज हवेवरून बांधू नका. आपल्याकडे पौषात पहाटेचा पारा ९ वर येतो, पाण्यावर वाफ तरंगते, आणि वाटतं आता बर्फच लागणार. माझ्याकडे मत्स्यटाकीत लावतात तसला काचेचा तापमापक आहे. त्याला दोरी आणि जुना नट बांधून मी तो हातभर खोल सोडतो. जानेवारीतल्या सकाळी तो बहुतेक वेळा २० ते २२ च्या मध्ये थांबतो. म्हणजे पाणी हवेपेक्षा अकरा ते तेरा अंशांनी उबदार! तरी बोटं आखडतात, कारण पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने ओढून नेतं. तुम्हीही असाच एक तापमापक घ्या आणि महिनाभर दर रविवारी आकडा लिहून ठेवा. सूटच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

आता हालचाल. सूटवरचा जाडीचा तक्ता पाणबुड्यांसाठी आहे की पोहणाऱ्यांसाठी, हे कोणी विचारत नाही. पाणबुड्या तासभर जवळजवळ स्थिर असतो. शिवाय खाली गेल्यावर निओप्रीन, म्हणजे सूटचं बुडबुड्यांनी भरलेलं रबर, दबतं. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, त्यामुळे आतले बुडबुडे आकसतात आणि सूट पातळ पडतो. म्हणून त्याला २२-२३ अंशांतही पाच मिलिमीटर हवासा वाटतो. तुम्ही मात्र वरच्या वर हात मारत जाणार, तुमचं अंग स्वतःच तापतं. तुमच्यासाठी २० ते २२ ला ३/२ पुरे. यातला ३ छाती-पोटावरची जाडी सांगतो आणि २ हातापायांवरची. २४ च्या वर गेलात तर बिनबाह्यांचा दोन मिलिमीटरचा, किंवा नुसता लायक्रा. चार-पाच मिलिमीटरचं काम १५-१६ अंशांच्या पाण्यात. तसलं पाणी मला हतनूरला अजून भेटलेलं नाही.

आणि जाडीपेक्षा माप मोठं. ऊब सूटमध्ये शिरलेलं पाणी देतं असं सर्रास सांगतात, ते अर्धंच खरं. ऊब धरतात रबरात कोंडलेले वायूचे बारीक बुडबुडे, गोधडीत अडकलेली हवा धरते तशी. आत शिरलेलं पाणी फक्त जागचं हलता कामा नये. सूट ढगळ असला की दर हातागणिक आतलं कोमट पाणी बाहेर आणि बाहेरचं गार आत. मग तीनचा काय नि पाचचा काय. दुकानात सूट घालून कंबरेच्या वर पाठीचा जो खोलगट भाग असतो, तिथे चिमूट धरून बघा. कापड सहज सुटून आलं तर एक माप खाली उतरा. दोन्ही हात कानाला लावून वर करा. खांदा ओढला जात असेल तर तो सर्फिंगचा सूट आहे, पोहण्याचा नाही. घालताना पायात प्लॅस्टिकची पिशवी चढवा, पाय सर्रकन जातो. मानेला व्हॅसलीन नको, पेट्रोलियमने निओप्रीन खराब होतं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आवडणार नाही. गोव्याला हा सूट कामाचा नाही. आयर्नमॅनमध्ये पाणी २४.५ अंशांच्या वर असलं की सूट घालून क्रमांक मिळत नाही, आणि तिथला समुद्र त्याच्या बराच वर असतो. सूट तुम्हाला उचलून धरतो. लहानपणी आम्ही पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकलो, तसाच हाही एक भोपळाच आहे. कंबर आपोआप वर राहते, पाय मारायचा आळस होतो. तेव्हा होळीनंतर तो कपाटात टाका आणि शर्यतीतले पोहण्याचे १.९ किलोमीटर बिनसूटाचे करा.

बोटांसाठी सूट नव्हे, टोपी घ्या. डोकं आणि मान गार पडली की हात आधी संप करतात. बाहेर आल्यावर लगेच कोरडे कपडे, कारण पाण्याबाहेर आल्यावरही काही वेळ अंगाचं तापमान उतरतच राहतं. मी धरणावरून परतताना मोटारसायकलवर कुडकुडून दोनदा टपरीशी थांबलोय.

पाटबंधारे खात्याची परवानगी, कंबरेला केशरी फुगा आणि सोबत होडी, हे सगळं तुम्ही करताच असं धरतो. मासेमारीची जाळी कुठे लावली आहेत, ते त्या सकाळी भोयांना विचारून मगच उतरा.

प्रश्न : मालवणला स्कूबासाठी घेतलेला तीन मिलिमीटरचा सूट दोन वर्षं गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत होता. आता कडक झालाय, घडीवर चिरा पडल्यात. चिकटवून चालेल का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : नाही. आपल्या मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत वडे तळता येतील, रबराची काय कथा. चीर गोंदाने बुजते, पण दबून मेलेले बुडबुडे परत फुगत नाहीत. पुढचा सूट गोड्या पाण्यात धुवा, उलटा करून सावलीत वाळवा आणि जाड बांबूवर कंबरेतून दुमडून टाका. या जुन्याचे गुडघे कापून ठेवा, मोटारसायकलच्या टाकीवर ठेवायला बरे पडतात.