खोली बघायला जाशील तेव्हा

चि. लेकरा,
अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण, तुझा कालचा फोन. "सर, संभाजीनगरात राहायला कुठला भाग चांगला?" असं विचारलंस आणि मी सवयीनं "सिडको" म्हणून मोकळा झालो. रात्री वाटलं, उत्तर जरा घाईचं झालं.

सिडको ही काही एक वस्ती नव्हे. रिक्षावाल्याला नुसतं सिडको म्हटलंस तर तो विचारील, एन किती? एन-५ वेगळं, एन-७ वेगळं; एन-११, एन-१२ला तर लोक हडकोच म्हणतात. सिडकोनं रांगेत बांधून दिलेली ती बुटकी, एकसारखी घरं आता शोधावी लागतात. कुणी पोराच्या लग्नाआधी वर मजला चढवला, कुणी पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकली, कुणी जिना बाहेरून काढून वरची खोली भाड्यानं दिली. नुसत्या घराकडं बघून त्या संसाराचं काय काय झालं ते कळतं. मला त्या गल्ल्यांतून उगाच फिरायला आवडतं, बायको हसते.

मी अंबाजोगाईहून आलो तो आधी रंगारगल्लीत उतरलो, एका वाड्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीत. गुलमंडी दोन पावलांवर. दिवाळीच्या आधी मछली खडकच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसायची. गोंगाटानं रात्री उशिरापर्यंत झोप नाही. अंगण एक, नळ एक, भांडण रोजचं. एकदा बादलीच्या नंबरावरून समोरच्या काकूंशी चांगलंच वाजलं. त्याच दिवशी मी तापानं पडलो. संध्याकाळी दार उघडलं तर भरलेला हंडा उंबऱ्याशी. (दुसऱ्या दिवशी त्याबद्दल ऐकवलंही त्यांनी, सोडलं नाही.)

तेव्हापासून मी या शहरातली वस्ती पाण्यावरून ओळखतो. हे शहरच तसं वसलंय. मलिक अंबरनं १६१० साली खडकी, म्हणजे हेच गाव, वसवलं आणि डोंगराचं पाणी नहरीनं गावात आणलं; पाणचक्कीला जाशील तेव्हा ती खापरी नळांची करामत बघ. आता पाणी पन्नासेक किलोमीटरवरून, पैठणच्या जायकवाडीतून वर चढवून आणावं लागतं आणि नळाला रोज येत नाही. म्हणून खोली बघायला नळाच्या दिवशीच जा. "काकू, नळ आला!" अशी हाक ऐकू आली, कुणी बाहेर गेलेल्याची टाकी शेजारचं पोरगं भरत असलं, तर थोडं भाडं जास्त पडलं तरी घे. दारं लावून जो तो आपली मोटर ओढत असला, तर मार्बलची फरशी बघून भुलू नकोस.

तुझी कंपनी शेंद्र्याला, म्हणजे जालना रोडला लागून असलेलं बरं. सिडको, मुकुंदवाडी बघ. बीड बायपासला, इथल्याच सातारा परिसराकडं फ्लॅट ऐसपैस, वारा छान. पण उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोण देतं, हे भाड्याच्या आधी विचार. घरमालक "बघू" म्हणाला, तर ते तूच द्यायचे आहेत असं समज.

येत्या रविवारी आमच्या गल्लीत नळ आहे. सकाळीच ये, दोघं मिळून एक-दोन खोल्या बघू. येताना गुलमंडीवरून पावशेर इमरती आण. बायकोला सांगू नकोस, मला साखर निघालीय.

तुझा,
सर