वाचकांचे प्रश्न : मांसल जनावरांची पैदास आणि डीएनए चाचणी

प्रश्न : आमच्या कळपातला सर्वांत चांगला वळू एका जीवघेण्या आनुवंशिक दोषाचा वाहक निघाला. तो स्वतः धडधाकट आहे. काढून टाकावा का?

उत्तर : लगेच नको. असे बहुतेक दोष अप्रभावी जनुकामुळे होतात. वासरात दोष उमटायला बिघडलेली प्रत आई आणि बाप दोघांकडूनही यावी लागते. तुमच्या वळूकडे एकच बिघडलेली प्रत आहे, म्हणून तो ठणठणीत आहे, पण ती वासरांना देऊ शकतो; अशा जनावरालाच वाहक म्हणतात.

समजा, त्याच्यापासून 100 गायी गाभण राहिल्या आणि त्यांतल्या 20 वाहक आहेत. या 20 गायींच्या वासरांपैकी चौथा हिस्सा, म्हणजे साधारण 5 वासरे दोष घेऊन जन्मतील. तेवढी तरी डोळ्यांना दिसतील. पण उरलेल्या 95 मध्ये 50 च्या आसपास वाहक असतील आणि ती नुसती पाहून कधीच ओळखू येणार नाहीत. खरा धोका या लपलेल्या वासरांचा आहे.

म्हणून हा वळू चाचणीत दोषमुक्त ठरलेल्या गायींनाच लावा. त्यातून दोषी वासरू जन्मत नाही. वासरे मांसासाठीच वाढवा. एखादी कालवड पैदाशीला ठेवायची असेल तर आधी तिची चाचणी करा. बापाला त्याच्याच मुली कधीही लावू नका. मुलींच्या आया दोषमुक्त असल्या तरी निम्म्या मुली वाहक निघतात आणि अशा संकरात सरासरी आठातले एक वासरू दोषी येते. तुम्ही पैदाशीसाठी वळू विकत असाल, तर मात्र याला बदलाच.

प्रश्न : तीन वळू एकाच कुरणात सोडतो. कोणते वासरू कोणाचे हे कळेल का? मागच्या वेळी निम्मे नमुने प्रयोगशाळेने परत केले.

उत्तर : कळेल. चाचणीत जो वळू जुळत नाही तो बाद होत जातो, त्यामुळे तिन्ही वळूंचे नमुने हवेतच. कुंपण तोडून आलेला वळू राहून गेला, तर वासरू ‘बिनबापाचे’ निघते. मेलेल्या वळूचे गोठवलेले वीर्य असेल तर तेही चालते. वळू सख्खे भाऊ असतील तर गायीचाही नमुना पाठवा, नाहीतर निकाल संदिग्ध येऊ शकतो.

नमुने परत येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कापलेले केस. चाचणीला लागणारा डीएनए केसाच्या मुळाशी असतो. शेपटीच्या गोंड्यातले 20 ते 30 केस बोटाला गुंडाळून झटक्यात उपटा आणि टोकाला पांढरट गाठी दिसतात का ते बघा. केस ओले किंवा शेणाने माखलेले नकोत, बुरशी धरते. कोरड्या कागदी पाकिटात ठेवून बिल्ल्याचा क्रमांक तिथल्या तिथे लिहा. गोठ्यातून परतल्यावर आठवून लिहिलेले क्रमांक हमखास चुकतात. जुळ्या वासरांचे रक्त पाठवू नका. गर्भातच दोघांच्या रक्तपेशी एकमेकांत मिसळलेल्या असू शकतात, म्हणून त्यांचे केसच घ्या.

प्रश्न : जनुकीय गुणांकन आले, आता वजने घेणे थांबवावे का?

उत्तर : मुळीच नाही. गुणांकन हा डीएनएवरून बांधलेला जनावराच्या आनुवंशिक गुणांचा अंदाज असतो आणि तो ज्या जातीच्या जनावरांच्या नोंदींवर बेतला आहे त्याच जातीत भरवशाचा ठरतो. वेगळ्या जातीच्या किंवा संकरित कळपात विश्वासार्हता बरीच घसरते. जन्माचे आणि दूध तोडतानाचे वजन, गाय अडली का, पुन्हा वेळेवर गाभण राहिली का, या नोंदी चालूच ठेवा. नुसत्या वाढीच्या आकड्यावर वळू निवडला, तर जन्मवजनही वाढते आणि पहिलारू कालवडी अडतात. त्यांच्यासाठी सुलभ प्रसूतीचे गुणांकन आधी बघा, वाढीचे नंतर. पैसे मोजकेच असतील तर चाचणी वळूची करा: गाय वर्षाला एक वासरू देते, वळू पंचवीस-तीस.