वाचक विचारतात: डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली, आता काय करायचं?

प्रश्न: ताई, नमस्कार. माझे मिस्टर फौजेतून हवालदार म्हणून 2017 ला रिटायर झाले, 24 वर्षं नोकरी. भरती झाले तेव्हा एकदम ठणठणीत होते, नंतर उंचावरच्या पोस्टिंगमध्ये असताना बीपी सुरू झालं आणि लो मेडिकलमध्ये, म्हणजे तब्येतीच्या खालच्या श्रेणीत टाकलं. घरी येताना मेडिकल बोर्डाने 30 टक्के डिसॅबिलिटी आयुष्यभरासाठी लिहिली पण डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर, सर्व्हिसशी संबंध नाही म्हणे. ते पत्र ट्रंकेत पडून राहिलं. आता एक माणूस म्हणतो केस जिंकून देतो, एरियर्सचे 40 टक्के मला द्या आणि ओरिजिनल कागद माझ्याकडे ठेवा. इतक्या वर्षांनी काही होईल का, आणि याला कागद द्यावेत का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते, कारण तिथे घाई झाली तर पुढचं सगळं बिघडतं. ओरिजिनल पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक, मेडिकलचे कागद कुणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. कोऱ्या कागदावर सही नाही, स्पर्शचा, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलचा पासवर्ड आणि ओटीपी तर अजिबात नाही. तो माणूस वकील असेल तर निकालावर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी त्याला मनाई आहे, आणि वकील नसेल तर तो तुमची केस चालवणार तरी कशी हे त्यालाच विचारा. जे पैसे बर्फात उभं राहून कमावलेत त्यातला जवळपास अर्धा वाटा असा कुणी मागतो तेव्हा मला मनापासून राग येतो.

आता केसचं. बोर्डाने जे लिहिलं त्याला फौजेत नाना म्हणतात, म्हणजे आजार सर्व्हिसमुळे झाला नाही आणि सर्व्हिसमुळे वाढलाही नाही. पण नुसतं तेवढं लिहून भागत नाही, का ते लिहावं लागतं. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग केसमध्ये सांगितलंय की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असं धरायचं, आजार सर्व्हिसशी संबंधित नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही, आणि बोर्डाने कारण दिलं नसेल तर ते मत टिकत नाही. म्हणून मिस्टरांचे रिलीज मेडिकल बोर्डाचे, म्हणजे रिटायर होतानाच्या तपासणीचे कागद काढा आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय ते स्वतः वाचा. तिथे नुसतं "पीस स्टेशनला सुरुवात" (म्हणजे आजार शांत भागातल्या पोस्टिंगवर सुरू झाला) अशी एक ओळ असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे, खासकरून आजार पहिल्यांदा लागला ती पोस्टिंग उंचावरची होती हे मेडिकल रेकॉर्डमधून दिसत असेल तर. कागद घरात नसतील तर रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांची कागदपत्रं ठेवणाऱ्या फौजेच्या कार्यालयाला माहिती अधिकारात अर्ज करा, फी 10 रुपये आणि उत्तराला 30 दिवसांची मुदत. हे काम मिस्टर स्वतः करू शकतात, वकील लागत नाही.

2023 च्या सप्टेंबरमध्ये डिसॅबिलिटी पेन्शनचे नवे नियम आलेत म्हणून कुणी घाबरवेल, पण ते 21 सप्टेंबर 2023 नंतर सर्व्हिस सोडणाऱ्यांना, 2017 ला आलेल्याला जुनेच लागतात.

पैसे किती, तर 100 टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असा हिशेब आहे. समजा हिशेबात धरायचा पगार 40,000 होता, तर 100 टक्क्यांना 12,000. तुमचे 30 टक्के ब्रॉड बँडिंगने, म्हणजे टक्के ठरलेल्या वरच्या टप्प्याला नेऊन 50 धरले जातात, म्हणजे महिना 6,000 आणि त्यावर महागाई. नॉर्मल रिटायर झालेल्यांनाही हे राउंडिंग मिळतं, 2014 च्या राम अवतार निकालाने ते पक्कं झालंय, तरी अजून लोक म्हणतात की ते फक्त बोर्ड आउट झालेल्यांना, म्हणजे तब्येतीमुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना, ते ऐकू नका.

उशिराचं खरं सांगते. पेन्शन दर महिन्याला लागू होणारी गोष्ट म्हणून उशीर झाला तरी दार बंद होत नाही, पण 2008 च्या तरसेम सिंग निकालापासून उशिरा आलेल्यांचे एरियर्स बऱ्याचदा अर्जाच्या आधीच्या 3 वर्षांपुरतेच देतात. त्यामुळे जितके महिने ट्रंकेत गेले तितकं नुकसान होतंय. आधी रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिलं अपील टाका, उशिराचं कारण साध्या शब्दात लिहून. सहा महिन्यांत उत्तर नाही आलं किंवा नकार आला तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजींच्या केसेसचं खास न्यायाधिकरण, आपल्याला मुंबई बेंच. तिथे मात्र वकील घ्या, आणि असा घ्या की ज्याने या ट्रिब्युनलमध्ये आधी केसेस चालवल्यात, गावातला दिवाणीचा वकील कितीही चांगला असला तरी मेडिकल बोर्डाचे कागद वाचायची सवय वेगळी असते. फी आधीच ठरवा, लेखी.

पैशाची अडचण असेल तर आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. 2025 मध्ये नाल्साने, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, वीर परिवार सहायता योजना सुरू केलीय, त्यात सैनिक बोर्डांच्या ठिकाणीच जवान आणि कुटुंबांसाठी कायदा सल्ल्याचे क्लिनिक काढायचं ठरलंय, तुमच्या जिल्ह्यात ते कोणत्या दिवशी बसतं ते विचारा. नाल्साची हेल्पलाइन 15100.

प्रश्न: माझ्या भावाला फौजेतल्या 7 वर्षांच्या नोकरीनंतर बोर्ड आउट केलं पण डिसॅबिलिटी 15 ते 19 टक्के लिहिली, 20 च्या खाली म्हणून काहीच नाही मिळालं. हे बरोबर आहे का?

उत्तर: नाही. माणूस नोकरीला ठेवण्याच्या लायक नाही म्हणून घरी पाठवायचा आणि त्याच वेळी त्रास 20 टक्क्यांहून कमी म्हणायचं, हे दोन्ही एकत्र बसत नाही. 2014 च्या सुखविंदर सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलंय, बोर्ड आउट केलं म्हणजे डिसॅबिलिटी 20 च्या वर धरायची आणि 50 टक्क्यांची पेन्शन. फक्त आजार सर्व्हिसशी जोडला गेला पाहिजे, म्हणजे वर पहिल्या उत्तरात सांगितलेला कारणाचा रकाना भावाच्या कागदातही बघा. जोडला गेला तर 7 वर्षं नोकरी असूनही डिसॅबिलिटीच्या भागासोबत सर्व्हिसचा भागही, म्हणजे केलेल्या नोकरीबद्दलची पेन्शनही मिळते, त्याला नेहमीच्या पेन्शनसारखी 15 वर्षांची अट नाही, अपीलात दोन्ही मागा, एकच मागून मोकळे होऊ नका.